राखाडी टाकी

खंडेनवमीला दीपमाला कामावरून लवकर घरी आली, तर अंगणात तुळशीपाशी काहीतरी चांदीसारखं चमकत होतं. आईने पाण्याचा नवा ड्रम घेतला असावा असं तिला वाटलं. गाडी उभी करून ती जवळ गेली आणि तिथेच थांबली. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही तिला सुचलं नाही.

अंगणात पाट मांडले होते. त्यांवर विळे, खुरपी, तराजू, फवारणीचा पंप, सगळं धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून ठेवलेलं. आणि मधोमध, झेंडूचा हार घालून, पाणबुड्यांच्या पाठीवर असते ती हवेची टाकी उभी होती. सकाळपर्यंत ती राखाडी होती. आता तिच्यात दीपमालाला स्वतःचा चेहरा दिसत होता.

"पाय, कशी लखलखून राहिली," पार्वताबाई ओसरीवरून म्हणाल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. "सकाळपासून घासून राहिलो मी. किती मळ होता वं तिच्यावर!"

"माय, कायनं घासली?"

"आधी चिंचेनं. चिंचेले दाद देईना. मंग संडासाचं ॲसिड होतं थोडं, त्यात पाणी टाकलं. असं फसफसलं, असं फसफसलं! म्हनलं, आता निघून राहिला मळ. मंग लगेच बादलीवर बादली पाणी ओतलं."

दीपमाला रसायनशास्त्र शिकलेली होती आणि बडनेऱ्यातल्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. काय फसफसलं ते तिला विचारावं लागलं नाही. जस्तावर आम्ल टाकलं की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, शाळेतला प्रयोग. त्या राखाडी थरासाठीच तिने ही टाकी निवडली होती.

"तो मळ नव्हता," ती म्हणाली. "जस्त होतं ते. आपल्या पत्र्याच्या बादलीवर असते ना, तेच. पोलाद गंजू नये म्हणून चढवलेलं. तिचं कातडं सोललं तू, माय!"

पार्वताबाईंनी टाकीवरचा हार सरळ केला.

"मले काय मालूम," त्या म्हणाल्या. "जे तुले पान्याखाली दम देते, त्याची पूजा नाही करू तं कायची करू? दुसरी बी घासाची होती, पण ॲसिड सरलं. तिची थे बुडाची रबरी वाटी तेवढी काढून पायली, तं तिथं मले खपल्या—"

"दुसरीले हात नको लावू! आता कायलेच हात नको लावू."

"इतके महिने तूच म्हने, हात तं लाव माय, चावत नाही थे," पार्वताबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "लावला, तं हे."

आणि त्या मागच्या वाफ्यात झेंडू तोडायला निघून गेल्या. दसऱ्याचा माल पहाटे बाजारात जायचा होता.

*

गेल्या वर्षी कार्तिकातल्या यात्रेत, कौंडण्यपूरच्या घाटावर, तेल्हाऱ्याहून आलेला शुभम नावाचा माणूस आंघोळीला उतरला आणि तिसऱ्या पायरीपलीकडे एकदम दिसेनासा झाला. त्याची बायको त्याचा टॉवेल धरून काठावर उभी होती. बडनेऱ्याचं शोध-बचाव पथक तिथे बंदोबस्ताला होतं. पंजाबराव त्याचे प्रमुख; दीपमाला आणि नितेश पाण्यात उतरणारे. पथकाकडे होडी होती, दोर होते, गळ होते. पाण्याखाली श्वास घ्यायला मात्र काही नव्हतं.

दोघं दम धरून पुन्हा पुन्हा खाली गेले. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता, हातांनी शोधायचं होतं. एका बुडीत दीपमालाच्या बोटांना वाळूची कडा लागली, कडेखाली पोकळी लागली, आणि तिथेच तिचा दम संपला. वर येऊन ती परत गेली तेव्हा कडा सापडली नाही. शुभम सापडला तो दुसऱ्या दिवशी, गळाने.

त्या पायरीपलीकडे खड्डा आहे, हे तेव्हापासून तिला माहीत होतं. तो किती मोठा आहे आणि कुठून कुठपर्यंत आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय असे खड्डे दर पुराबरोबर सरकतात. यात्रेच्या आधी कोणीतरी तळाशी निवांत फिरून, हाताने चाचपून तो आखायला हवा होता. दम धरून ते होणारं नव्हतं.

पार्वताबाईंचं म्हणणं साधं होतं. "वरून दोर टाक, होडीत बस, काई म्हनत नाही. खाली जायाचं नाही."

पण उन्हाळ्यात दीपमाला आणि नितेश कोकणात जाऊन पाण्याखालचं शिक्षण घेऊन आले. पंजाबराव सोबत होते. मालवणच्या बाजूला बंद पडत असलेलं एक डायव्हिंग केंद्र आपलं सामान काढत होतं. पथकाला त्यातल्या दोन टाक्या मिळणार होत्या, कोणत्या घ्यायच्या ते यांनी ठरवायचं होतं.

"पिवळ्या घेऊ ना," नितेश म्हणाला. "हलक्या हायेत. फोटोत बी चांगल्या दिसतीन."

दीपमालाने पर्समधून लोहचुंबक काढलं आणि पिवळ्या टाकीला लावलं. ते घसरून तिच्या हातात परत आलं.

"ॲल्युमिनियम," ती म्हणाली. "हवा सरत आली का हे वर ओढाले लागते. मंग कमरेले शिसं बांधा. आपल्याले वर्धेच्या तळाशी लोळाचं हाये. पोलादी टाकी रिकामी झाली तरी खालीच राहते."

"मंग थे निळी पाय. चिपकलं चुंबक."

"रंगाखाली काय हाये, मले काय दिसते? हे राखाडी जस्ताच्या घेऊ. जस्तावर काई लपत नाही. आन् कुठं खरचटलं तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजते, पोलादाले वाचवते."

तिने दोन राखाडी टाक्या बाजूला काढल्या. खांद्यावर ठोकलेली तपासणीची तारीख वाचली. वरचा व्हॉल्व्ह उघडून घेतला, आत छोटा दिवा सोडला, डोळा लावून पाहिलं, वास घेतला. आतली भिंत कोरडी होती.

"पोरगी पाहाले आल्यावानी करून राहिली रे हे," पंजाबराव नितेशला म्हणाले. "आता चालून दाखव म्हनन."

एका टाकीची, ती उभी राहावी म्हणून बुडाला बसवलेली रबरी वाटी निघाली. दुसरीची निघेना. केंद्राचा माणूस म्हणाला, खाऱ्या पाण्याने धरलीय, घरी जाऊन काढा सावकाश. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. दीपमालाने वाटीवर दोन थापा मारल्या आणि ती तशीच राहू दिली.

घरी आल्यावर पार्वताबाईंनी दोन्ही टाक्यांवर पोतं टाकलं.

"ऑक्सिजन भरला काय त्यात?"

"नाही माय. साधी हवा."

"साधी हवाच भराची तं एवढं लोखंड कायले?"

"पान्याखाली साधी हवा नसते, म्हणून."

पावसाळाभर ते पोतं त्यांनी उचललं नाही. त्यांनी टाकीला पहिल्यांदा हात लावला तो खंडेनवमीला.

*

दसऱ्याच्या सकाळी टाकीवरची चमक गेली होती. दव पडलं होतं, आणि उघड्या पोलादावर जागोजागी तांबूस झाक आली होती. दीपमालाने दोन्ही टाक्या पंजाबरावांच्या शेडमध्ये नेल्या. रेल्वेत फिटर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पथकाचा हवा भरायचा कंप्रेसर त्यांच्याचकडे असे.

त्यांनी टाकीवरून अंगठा फिरवला. "अकोल्याले बुडवून आणू. टावरचे खांबे नाही देत का बुडवून? जस्ताच्या कढईत घातलं का झालं, पयल्यासारखी."

"नाही, काकाजी. वितळलेलं जस्त म्हणजे भट्टीच. या पोलादाले ठरावीक ताप देऊन कमावलेलं असते. पुन्हा तापलं तं नरम पडन. मंग तुमी हवा भरसान आन् ती फाटन."

"मंग अशीच भरू?"

"तसं बी नाही. आम्लातला हायड्रोजन कधी कधी पोलादात शिरते. पोलाद ठिसूळ होते. दाबाची तपासणी केल्याशिवाय मी हिच्यात हवा भरू देणार नाही."

"तारीख तं पुढच्या वर्षाची हाये," नितेश खांद्यावरचे आकडे वाचत म्हणाला.

"तारीख ॲसिडच्या आधीची हाये."

पंजाबराव स्टुलावर बसले. "यात्रेले आता महिनाभरच राहिला, पोरी. हे नापास झाली तं?"

"दुसरी हाये ना," नितेश म्हणाला. "ती तं चांगली हाये. काकूनं तिले सोडलं."

दीपमालाच्याही मनात तेच होतं. पहिली गेली असंच तिने धरलं होतं. सगळी भिस्त दुसरीवर होती. दुसरीही हाताशी नसती तर यावर्षीही घाटावर गळ घेऊनच बसावं लागलं असतं. गाडी जातेच आहे तर दोन्ही नेऊ, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टाक्या गाडीत चढवताना पार्वताबाई डबा आणि पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या.

"तू कुठं?"

"अकोल्याले. खराब म्या केली. मी बी येतो."

"तिथं काय करशीन, माय?"

"इच्यारलं कोनी, तं सांगीन."

मूर्तिजापूरपर्यंत मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. नितेश मागे टाक्या धरून बसला होता; पंजाबराव गाडी चालवत होते आणि दोघींच्या वाटचं एकटेच बोलत होते.

*

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या तपासणी केंद्रात आचल नावाची तरुण इंजिनिअर होती. तिने पहिली टाकी लाकडी घोडीवर आडवी ठेवली आणि भिंग काढलं.

"ही कोणी घासली?"

"म्या," पार्वताबाई म्हणाल्या. दीपमालाने तोंड उघडायच्या आत.

"कशाने?"

"आधी चिंच. मंग संडासाचं ॲसिड."

"किती वेळ ठेवलं?"

"ठेवलं कुठं? इकून लावलं, तिकून घासलं, आन् धुतलं. खंडेनवमीले सगळंच धुतो आमी. कुऱ्हाड असन तं दांडा काढून धुतो. कोनत्या फटीत काय असन सांगता येत नाही."

"टाकीत हवा होती?"

"थोडीशी होती," दीपमाला म्हणाली. "पूर्ण रिकामी ठेवत नाही आम्ही. आत ओल जाते."

"बरोबर आहे. पण काकू, हवा असलेल्या टाकीला यापुढे ॲसिड नका लावू. रिकामीलाही नका लावू." आचल हसली, मग गंभीर झाली. "धुतलं लगेच, ते चांगलं केलं. जस्त तर गेलंय. खालच्या पोलादाचं काय झालंय ते पाहू."

तिने टाकीचं अंग इंच इंच पाहिलं, आतून पाहिलं, भिंतीची जाडी मोजली. मग दुसरी टाकी घोडीवर घेतली. ही राखाडी, शांत, जस्ताच्या फुलाफुलांची नक्षी अजून अंगावर असलेली. दीपमालाला ती पाहूनच जरा बरं वाटलं.

आचलने तिच्या बुडाची रबरी वाटी ओढली. वाटी सहज निघाली.

"निघते कशी काय?" दीपमाला म्हणाली. "मालवणले तं हलत नव्हती."

"गरम पान्यात उभी केली होती म्या," पार्वताबाई म्हणाल्या. "तुले सांगत होतो ना मी. त्या खपल्या दाखवाच्या होत्या."

वाटी बसत होती तिथे, बुडाच्या वळणावर, लालसर खपल्यांचं एक कडं होतं. आचलने टोकदार अवजाराने एक खपली उचलली. तिच्याखाली जोंधळ्याच्या दाण्याएवढा खळगा होता. त्याच्या शेजारी दुसरा. ती एकेका खळग्यात मापाची सुई उतरवत गेली आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला.

"समुद्रातली टाकी ना? खारं पाणी वाटीत साचून राहिलं. वाटीमुळे वाळलं नाही, धुतलं गेलं नाही, कोणाला दिसलंही नाही. इथलं जस्त कधीच संपलंय, आता पोलाद चाललंय." तिने सुई पुसली. "ही मी दाबाला लावणारसुद्धा नाही. बाद."

केंद्राच्या शेडमध्ये कंप्रेसरची घरघर चालू होती. नितेश हळूच म्हणाला, "आमी तं हिच्यातच हवा भरणार होतो."

दीपमाला त्या कड्याकडे पाहत होती. तिने खांद्यावरचे आकडे वाचले होते, आत दिवा सोडला होता, चुंबक लावलं होतं, वास घेतला होता. जस्तावर काही लपत नाही, असं नितेशला शिकवलं होतं. आणि जिथे जस्त दिसत नव्हतं त्या वाटीवर दोन थापा मारून ती गाडी पकडायला निघाली होती.

"तारीख पुढच्या वर्षाची होती," पंजाबराव गंभीरपणे म्हणाले. "वहिनीनं पयलीले ॲसिड लावलं नसतं तं आपण इथं आलोच नसतो." मग त्यांनी घसा खाकरला. "पण वहिनी, पुढच्या खेपेले फोन करून सांगजा. एवढी मेहनत नका करू."

"भाऊजी, तुमी गाडी चालवा," पार्वताबाई म्हणाल्या.

राहिली पहिली. सोललेली, तांबूस डागांची. आचलने ती पाण्याने काठोकाठ भरली आणि भिंतीआडच्या जाड पिंपात सोडली. पिंपातही पाणी होतं. बाहेर काचेची एक उभी नळी होती, तिच्यावर बारीक रेघा.

"आता हिच्यात नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणार," तिने पार्वताबाईंना समजावलं. "टाकी केसभर फुगेल. ती फुगली की पिंपातलं पाणी या नळीत चढेल. दाब सोडला की पाणी खाली यायला हवं. टाकी फुगते याचं काही नाही. फुगून परत जागेवर येते की नाही, ते पाहायचं."

"आन् नाही आली तं?"

"तर तिच्यातला जोर संपलाय. तीही बाद."

पंप सुरू झाला. नळीतलं पाणी हलेना, मग हललं, एकेक रेघ चढत गेलं. पार्वताबाई नळीच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. दीपमाला त्यांच्या मागे. तिच्या लक्षात आलं की आपण आईच्या पदराचं टोक धरलंय. तिने ते सोडलं नाही.

पाणी एका रेघेपाशी थांबलं. आचलने तिथेच दाब धरून ठेवला.

"सोडते," आचल म्हणाली.

पाणी उतरू लागलं. भराभर उतरलं, मग हळू झालं. निघालं होतं त्या रेघेच्या थोडं वर येऊन ते रेंगाळलं.

"ये ना वं, माय," पार्वताबाई नळीला म्हणाल्या. "ये खाली."

ते आणखी जरा उतरलं आणि पहिल्या रेघेला लागलं. आचलने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"पास," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ पास. पोलाद उत्तम आहे. चिंच, ॲसिड, काही शिरलं नाही त्याच्या आत."

पार्वताबाई तिथल्याच खुर्चीवर बसल्या. "म्हनलं होतं ना मी, चांगली घासली," त्या म्हणाल्या, आणि दीपमाला हसली तशा त्याही हसल्या.

आचलने पुढचं सांगितलं. टाकी तापवायची नाही. थंडच लावायचा जस्ताचा रंग मिळतो, त्याचे दोन हात द्यायचे. तो मूळच्या जस्ताइतका टिकत नाही, म्हणून नजर ठेवायची. बुडाची वाटी बसवायचीच नाही, लाकडी घडवंचीत उभी करायची. प्रत्येक वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची. आत थोडी हवा कायम ठेवायची.

"साध्या पान्यानं," पार्वताबाई म्हणाल्या. "समजलं."

बाद टाकीची हवा सोडून आचलने तिला मोठं भोक पाडून दिलं, कोणी चुकूनही तिच्यात हवा भरू नये म्हणून. पंजाबरावांनी ती मागून घेतली. बूड कापून टांगली तर वाजेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पण एकाच टाकीवर मी खाली जाणार नाही," दीपमाला म्हणाली. "काठावर दुसरा माणूस हवा भरलेली टाकी घेऊन तयार पाहिजे. नाही तं माह्यासाठीच गळ टाका लागन."

आचलने विचार केला आणि फोन उचलला. अकोल्याच्या एका पथकाने गेल्याच महिन्यात तिच्याकडे टाक्या तपासून घेतल्या होत्या. पलीकडून बराच वेळ प्रश्न आले. शेवटी आचल म्हणाली, "त्यांचे श्रावणभाऊ टाकी घेऊन येतो म्हणतात. फक्त विचारतायत, जेवायला काय आहे."

"सांगा त्यायले, वांग्याची भाजी आन् भाकर," पार्वताबाई म्हणाल्या. "आन् मिरचीचा ठेचा."

*

यात्रेच्या आदल्या सकाळी वर्धा संथ होती आणि चहासारखी गढूळ. घाटावर दुकानांच्या ताडपत्र्या चढत होत्या. पार्वताबाई विकायला झेंडूच्या हारांच्या दोन टोपल्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी टोपल्या पायरीवर ठेवल्या आणि दुकान न मांडता तिथेच बसल्या.

श्रावण पाठीवर टाकी बांधून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. नितेशने दीपमालाच्या कमरेला दोर बांधला. राखाडी रंग दिलेली टाकी पंजाबरावांनी तिच्या पाठीवर चढवली, तसा तिला तो ओळखीचा भार लागला, खाली नेणारा.

पार्वताबाई जवळ आल्या. लेकीच्या कपाळाला कुंकू लावायचं की टाकीला, असा त्यांना प्रश्न पडल्यासारखा दिसला. मग त्यांनी बोट पदराला पुसलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा काई तरी खराब होईन. जाय."

पाण्याखाली उजेड दोन हातांवरच संपला. दीपमालाने डोळे मिटून घेतले. त्यांचा उपयोग नव्हताच. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिसरीचा कोपरा तुटलेला. तिच्या कानात फक्त स्वतःचा श्वास होता, आत येताना कोरडा, बाहेर जाताना बुडबुड्यांचा. ती पोटावर झोपून पुढे सरकली. टाकीने तिला तळाशी धरून ठेवलं होतं.

बोटांना वाळूची कडा लागली.

गेल्या वर्षी इथेच दम संपला होता. तिने श्वास घेतला. आणखी एक घेतला. मग कडेवर हात ठेवून, विहिरीच्या काठाने चालावं तशी ती सावकाश सरकू लागली, आणि जिथे कडा वळत होती तिथे तिथे दोराला झटका देत गेली. वर होडीतून पंजाबराव प्रत्येक झटक्याला बुडबुड्यांपाशी बांबू रोवत होते. खड्डा तिला वाटला होता त्याहून बराच मोठा होता. एका बाजूने तो घाटाच्या इतका जवळ आला होता की पायरीवर उभं राहून तांब्या बुडवणारा माणूसही घसरला असता.

ती वर आली तेव्हा बांबूंचा एक वाकडातिकडा गोल पाण्यात उभा होता. पार्वताबाई पायरीच्या अगदी कडेला, पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या.

"बुडबुडे पाहून राहिलो होतो," त्या म्हणाल्या. "एका जागी थांबले का जीव जाये माहा. पुन्हा चालाले लागले का बरं वाटे."

बांबूंना दोर बांधला. पण दोर मातकट, पाणी मातकट. गर्दीत तो कोणाला दिसणार? नितेश म्हणाला, लाल कापड आणू, पण दुकानं अजून उघडली नव्हती.

पार्वताबाई उठल्या. दोन्ही टोपल्या ओढत त्यांनी होडीपाशी आणल्या आणि हार उचलून पंजाबरावांच्या हातात द्यायला सुरुवात केली.

"माय, विकाचे हायेत ना ते?"

"लोकं जिते राहिले तं घेतीन ना फुलं. बांधा, भाऊजी. जवळ जवळ बांधा."

दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आधीच, घाट माणसांनी भरला. पाण्यात झेंडूचं एक मोठं पिवळं रिंगण तरंगत होतं, आणि लोक त्याला देवाचं काहीतरी समजून, हात जोडून, त्याच्या अलीकडेच आंघोळ करत होते. कोणी समजावायला गेलं नाही. चुकून कोणी पलीकडे सरकलंच, तर पंजाबराव झाडाला टांगलेल्या बुडकापल्या टाकीवर पाना हाणत, आणि तिचा आवाज नदीपलीकडे जाई.

"नापास झालेलीच जास्त बोंबलून राहिली," नितेश म्हणाला.

दिवसभर दीपमाला पूर्ण तयारीत तिसऱ्या पायरीवर बसून होती. टाकी शेजारी घडवंचीत उभी. पाण्यात उतरायची वेळ आली नाही. संध्याकाळी पालख्या वर गेल्या, घाट रिकामा होत आला, झेंडू पाण्यात भिजून काळपट पडला.

पार्वताबाई बादली घेऊन आल्या. टाकी आडवी करून त्यांनी तिच्यावर पाणी ओतायला सुरुवात केली.

"आज तं ती उतरलीच नाही पान्यात," दीपमाला म्हणाली. "धुतं कायले?"

"धूळ बसली." त्यांनी ओल्या हाताने खांदा पुसला, अंग पुसलं. "पण राखट दिसते वं. थोडीशी चिंच—"

"माय."

"मज्याक केली."

मग त्यांनी टाकी उलटी केली, पदराच्या कोरड्या टोकाने बूड पुसलं, आणि मावळत्या उजेडाकडे धरून तिथे काही नवीन खपली आलीय का ते वाकून पाहिलं.